बिग शँटी, 12 एप्रिल 1862: शिपाई जेकब पॅरटचं प्रकरण

अमेरिकेचं सर्वोच्च लष्करी पदक, ‘मेडल ऑफ ऑनर’, सर्वांत आधी कोणाच्या छातीवर लागलं? उत्तर सोपं आहे: शिपाई जेकब विल्सन पॅरट, कंपनी ‘के’, 33वी ओहायो पायदळ पलटण. तारीख 25 मार्च 1863. वय 19. ज्या मोहिमेसाठी (शत्रूच्या मुलखात आगगाडी पळवून वाटेतले पूल जाळण्यासाठी) हे पदक दिलं ती मात्र साफ फसलेली होती. एकही पूल जळला नाही, एकही बोगदा पडला नाही, म्होरक्यासह आठ जण फासावर गेले. आणि ज्या गोष्टीमुळे पॅरटचं नाव आज घेतलं जातं, तिचा पदकाच्या मानपत्रात एका शब्दानंही उल्लेख नाही. म्हणून हे प्रकरण दोन अंगांनी तपासावं लागतं: मोहीम कुठे आणि का मोडली, आणि पदक नेमकं कशाचं मिळालं.

रेल्वेमार्गाचं महत्त्व

अमेरिकेच्या यादवी युद्धाला, म्हणजे उत्तरेचं केंद्र सरकार आणि फुटून निघालेली दक्षिणेची राज्यं यांच्यातल्या लढाईला, तेव्हा एक वर्ष पुरं होत होतं. चॅटनूगा हे टेनेसीमधलं गाव रेल्वेचं मोठं जंक्शन होतं. तिथून पश्चिमेला मेम्फिस, ईशान्येला नॉक्सव्हिलवरून व्हर्जिनिया, वायव्येला नॅशव्हिल आणि दक्षिणेला अटलांटा अशा वाटा फुटत. अटलांटा ते चॅटनूगा हा 138 मैलांचा ‘वेस्टर्न अँड अटलांटिक’ मार्ग दक्षिणेच्या फौजेची रसद आणि कुमक वाहून नेई. तो तुटला तर चॅटनूगाला दक्षिणेकडून मदत पोचणार नाही, आणि पश्चिमेकडून येणाऱ्या उत्तरेच्या फौजेला ते गाव घेणं सोपं जाईल, असा हिशेब होता.

हा हिशेब मांडणारे जनरल ऑर्म्सबी मिचेल मुळात खगोलशास्त्रज्ञ. सिनसिनाटीची वेधशाळा त्यांनीच उभी केली होती. त्यांची डिव्हिजन टेनेसीत शेल्बीव्हिलला होती. ते स्वतः अलाबामातलं हंट्सव्हिल घेणार आणि त्याच दिवशी जेम्स अँड्रूज नावाचा एक मुलकी हेर अटलांटाच्या मार्गावर एक गाडी पळवून उत्तरेकडे येताना मागचे पूल जाळत येणार, असं ठरलं. अँड्रूज दक्षिणेत क्विनाइनचा चोरटा व्यापार करायचा, त्यामुळे तिकडच्या वाटा आणि माणसं त्याला माहीत होती. मार्चमध्ये त्यानं असाच एक प्रयत्न आठ जणांना घेऊन केलाही होता. इंजिन चालवायला जो फितूर ड्रायव्हर मिळणार होता तोच जागेवर नव्हता, म्हणून सगळे हात हलवत परतले. त्यातून त्यानं एक धडा घेतला: ड्रायव्हर आपलाच हवा.

दुसऱ्या खेपेला ओहायोच्या 2ऱ्या, 21व्या आणि 33व्या पलटणींतून 22 सैनिक निवडले. अँड्रूज आणि विल्यम कॅम्पबेल हे दोघे मुलकी धरून 24 जण झाले. विल्यम नाइट आणि विल्सन ब्राउन यांना इंजिन चालवता येत होतं. अल्फ्रेड विल्सन फायरमनचं काम करू शकत होता. पॅरटला यातलं काही येत नव्हतं. 17 जुलै 1843 ला ओहायोतल्या फेअरफील्ड काउंटीत जन्मलेला, केंटन गावातून भरती झालेला हा पोरगा तेव्हा 18 वर्षांचा होता. रूळ उखडायला, लाकडं फेकायला आणि वेळ आली तर झटापट करायला जे हात लागतात, त्यांपैकी दोन त्याचे.

सगळ्यांनी गणवेश उतरवून साधे कपडे घातले. तीन-चार जणांच्या टोळ्या करून पायी निघायचं, कोणी विचारलं तर ‘आम्ही केंटकीतल्या फ्लेमिंग काउंटीचे, दक्षिणेच्या फौजेत भरती व्हायला चाललोय’ असं सांगायचं, चॅटनूगाहून गाडीनं अटलांटाजवळच्या मॅरिएटाला पोचायचं. ही बतावणी इतकी पटण्याजोगी होती की वाटेत अडवलेल्या दोघांना, जेम्स स्मिथ आणि सॅम्युअल लेवेलिन यांना, ती खरी करून दाखवण्यासाठी दक्षिणेच्या फौजेत नाव नोंदवावंच लागलं. उरले 22.

साध्या कपड्यांचा हा निर्णय पुढे फार महाग पडला. गणवेशात पकडलेला सैनिक युद्धकैदी ठरतो. शत्रूच्या मुलखात साध्या वेशात सापडलेल्याला त्या काळच्या युद्धनियमांप्रमाणे हेर म्हणून फाशी देता येई. म्हणजे पॅरटनं शेल्बीव्हिलला कोट बदलला, तिथेच त्याच्या गळ्याभोवतीचा दोर अर्धा वळला गेला होता.

एक दिवस

मूळ बेत शुक्रवार, 11 एप्रिलचा होता. पाऊस लागला होता, नद्यांना पूर होता, रस्त्यांचा चिखल झाला होता. अशा हवेत मिचेलही वेळेवर पोचणार नाहीत असं अँड्रूजनं गृहीत धरलं आणि बेत एक दिवस पुढे ढकलला. मिचेल मात्र ठरल्या दिवशी, 11 तारखेलाच, हंट्सव्हिलमध्ये शिरले.

या एका दिवसाचा परिणाम समजायला त्या मार्गाची रचना डोळ्यांपुढे आणावी लागते. मार्ग एकेरी होता. समोरासमोरच्या गाड्यांची क्रॉसिंग ठरावीक स्टेशनांवर सायडिंगला होत. सिग्नल नव्हते, सगळा कारभार छापील वेळापत्रकावर आणि झेंड्यांवर चाले. मालगाडीच्या शेवटच्या डब्यावर लाल झेंडा असला, तर तिच्यामागे आणखी एक जादा गाडी येते आहे असा त्याचा अर्थ. शुक्रवारी वेळापत्रकाबाहेरची एकही गाडी समोरून येणार नव्हती. शनिवारी हंट्सव्हिल पडल्याच्या बातमीनं चॅटनूगातून माल आणि डबे दक्षिणेकडे हलवायला सुरुवात झाली होती. म्हणजे मिचेलच्या यशानंच अँड्रूजची वाट अडवली. दोन तुकड्यांनी एकाच दिवशी काम करायचं असेल आणि त्यांच्यात निरोपाची सोय नसेल, तर तारीख बदलण्याचा अधिकार कोणा एकाकडे ठेवून चालत नाही. अँड्रूजनं तो स्वतःकडे घेतला.

शनिवारी पहाटे मॅरिएटाच्या हॉटेलांत आणखी एक गळती झाली. मार्टिन हॉकिन्स आणि जॉन पोर्टर यांना कोणी उठवलं नाही. त्यांची गाडी चुकली. हॉकिन्स हा इंजिनाचा अनुभव असलेला माणूस होता, हे विशेष. गाडीत चढले ते 20 जण.

गाडी ओढणारं इंजिन होतं ‘जनरल’. न्यू जर्सीतल्या पॅटर्सनच्या रॉजर्स कारखान्यात 1855 च्या डिसेंबरात बांधलेलं, पुढे चार छोटी आणि मागे चार मोठी चाकं असलेलं, लाकडावर चालणारं. पहाटे 4 ला अटलांटा सोडून गाडी सहाच्या सुमाराला बिग शँटीला (आजचं केनेसॉ) थांबे. समोरच्या लेसी हॉटेलात प्रवासी आणि गाडीचे कर्मचारी न्याहारीला उतरत. वीस मिनिटांचा थांबा. ही जागा निवडण्यात अँड्रूजनं खरी अक्कल लावली होती. रुळांच्या पलीकडेच दक्षिणेच्या फौजेची छावणी होती, पहारेकरी बंदुका घेऊन उभे होते. पण स्टेशनात तारयंत्र नव्हतं. गाडी गेली तरी पुढे कळवायला साधन नाही.

प्रवासी डबे सोडून दिले, इंजिन, टेंडर (इंजिनामागचा लाकूड-पाण्याचा डबा) आणि तीन रिकाम्या वाघिणी घेतल्या. इंजिनावर अँड्रूज, नाइट, ब्राउन आणि विल्सन. बाकी सोळा जण, त्यांत पॅरट, वाघिणीत दार ओढून बसले. पहारेकऱ्यांच्या देखत गाडी हलली. पुढच्या सहा-सात तासांतलं बहुतेक काही वाघिणीतल्यांना दिसलंच नाही. इंजिन थांबलं की बाहेर उडी मारायची, तार तोडायची, रूळ उखडायचा, लाकडं भरायची, परत आत.

पहार

पूल जाळायला आणि रूळ उखडायला निघालेल्या या लोकांकडे रूळ उखडायची हत्यारं नव्हती. साध्या वेशात, गाडीनं, भरती होण्याच्या बहाण्यानं जाणाऱ्या माणसांना ती सोबत नेताही आली नसती. वाटेत मून स्टेशनाजवळ लाइनवर काम करणाऱ्या मजुरांकडून त्यांनी एक पहार मागून घेतली. रुळाचे खिळे काढायला टोकाला चिमटा असलेली खास पहार लागते; ती खिळ्याच्या माथ्याखाली घातली आणि दाबली की खिळा वर येतो. साध्या पहारीनं एकेक खिळा आधी सैल करावा लागतो, मग उचकटावा लागतो. एका रुळाला प्रत्येक स्लीपरवर आतून-बाहेरून खिळे असतात, हे ध्यानात घेतलं की एक रूळ काढायला इतका वेळ का लागत होता ते कळतं. शेवटी शेवटी तर अर्धे खिळे काढून रूळ हातांनी वाकवून तोडायचा प्रयत्न चालला होता.

तोडफोडीचं दुसरं अंग तारेचं. तार तोडली की ती दोन खांबांमधली कापून घेऊन जायची, म्हणजे जोडायला तुकडा सापडत नाही. हे काम त्यांनी बऱ्यापैकी नीट केलं. फक्त शेवटच्या ठिकाणी काही मिनिटांचा उशीर झाला, आणि तेवढा पुरला.

एटोवा नदीजवळ आणखी एक चूक झाली. तिथे कूपर यांच्या लोखंडाच्या कारखान्याचं ‘योना’ नावाचं इंजिन वाफ धरून उभं होतं. ते निकामी करावं असं नाइटनं सुचवलं. अँड्रूजनं नको म्हटलं. त्याच्या दृष्टीनं पाठलाग होण्याचा प्रश्नच नव्हता: तार नाही, मागे इंजिन नाही, पायी कोण धावणार?

पायीच धावले. गाडीचा गार्ड विल्यम फुलर, ड्रायव्हर जेफ केन आणि रेल्वेच्या कारखान्याचा फोरमन अँथनी मर्फी न्याहारीच्या टेबलावरून उठून रुळावरून पळत सुटले. लोक हसले म्हणतात. सुमारे दोन मैलांवर मून स्टेशनात त्यांना लाइनवाल्यांची ढकलगाडी मिळाली, आणि तीवरून ते एटोवापर्यंत आले. तिथे ‘योना’ वाफ धरून तयारच होतं.

किंग्स्टन

मोहीम मोडली ती किंग्स्टनला, असं आमचं मत आहे. रूळ उखडण्यातली ढिलाई, ओलं लाकूड, न पेटलेला पूल हे सगळं नंतरचं.

किंग्स्टनला रोमकडून येणारी शाखा मिळत असे, सायडिंगं जास्त, माणसं जास्त. वेळापत्रकाप्रमाणे तिथे समोरून येणाऱ्या एका मालगाडीला वाट द्यायची होती. ती आली, शेवटच्या डब्यावर लाल झेंडा. दुसरी आली, तिच्यावरही लाल झेंडा. तिसरी येईपर्यंत तासाहून जास्त वेळ गेला. या काळात अँड्रूज प्लॅटफॉर्मवर उभा राहून सांगत होता की आपण दक्षिणेचे सेनापती जनरल बोरेगार्ड यांच्याकडे तातडीनं दारूगोळा नेतो आहोत. आधी कॅस स्टेशनच्या पाणवाल्याला हीच थाप मारून त्यानं त्याच्याकडून वेळापत्रकाची प्रतही मिळवली होती. वाघिणीत सोळा माणसं श्वास रोखून बसली होती. बाहेर रेल्वेचे लोक कुरकुर करत फिरत होते, आणि कोणत्याही क्षणी दार सरकलं असतं तर हाणामारी होणार होती.

शेवटी वाट मोकळी झाली. त्यांनी किंग्स्टन सोडल्यावर काही मिनिटांतच फुलर तिथे पोचला. मालगाड्यांच्या गर्दीत ‘योना’ला पुढे जाता येईना, म्हणून त्यानं रोमच्या शाखेवरचं ‘विल्यम आर. स्मिथ’ हे इंजिन घेतलं. ते अडेअर्सव्हिलच्या अलीकडे उखडलेल्या रुळापाशी अडलं. फुलर आणि मर्फी पुन्हा पायी. समोरून मालगाडी घेऊन ‘टेक्सस’ येत होतं. त्याला हात करून थांबवलं. ड्रायव्हर पीट ब्रॅकननं गाडी उलटी चालवत अडेअर्सव्हिलला नेली, डबे सायडिंगला सोडले, आणि तिथून पुढचा सगळा पाठलाग ‘टेक्सस’नं टेंडर पुढे ठेवून, उलट्या दिशेनं केला.

मधल्या काळात ‘जनरल’नं ‘टेक्सस’ला अडेअर्सव्हिलला ओलांडून कॅलहूनकडे धाव घेतली होती, कारण तिकडून दक्षिणेकडे येणारी प्रवासी गाडी होती आणि क्रॉसिंग कॅलहूनलाच साधायचं होतं. ते साधलं. त्यापुढे रूळ उखडायला थांबले तर मागून शिटी ऐकू आली. त्या घटकेपासून जाळायला, उखडायला, लाकूड आणि पाणी भरायला वेळच उरला नाही. त्यांनी एकेक वाघीण सोडून दिली. ‘टेक्सस’नं ती हळूच अडवून, जोडून, पुढे ढकलत नेली आणि रेसाकाला सायडिंगवर टाकली. रुळावर स्लीपर टाकले. फुलर ते उतरून बाजूला करी. ऊस्टनॉला नदीवरचा मोठा पूल, ज्यासाठी एवढी खटपट, तो पावसानं चिंब होता. टनेल हिलचा 1,477 फुटांचा बोगदा त्यांनी पार केला. पाठलाग करणारे धुरातून आंधळेपणानं त्यामागोमाग शिरले. पुढे एका छपराच्या लाकडी पुलावर शेवटची वाघीण पेटवून सोडून दिली. भिजलेलं छप्पर काही धरेना, ‘टेक्सस’नं जळती वाघीण पुढे रेटली.

त्याआधी, बोगद्याच्या अलीकडे, डाल्टनला फुलरनं वाटेत कॅलहूनहून उचललेल्या एडवर्ड हेंडरसन या 17 वर्षांच्या तारवाल्याला उतरवलं. चॅटनूगाच्या जनरल लेडबेटर यांना तार गेली. काही मिनिटांनी पुढची तार तुटली. निरोप मात्र पोचला होता.

रिंगगोल्डच्या उत्तरेला सुमारे दोन मैलांवर लाकूड संपलं. टेंडरमध्ये जाळायला काही उरलं नाही, वाफ उतरली. बिग शँटीपासून सुमारे 87 मैल झाले होते. ‘ज्यानं त्यानं आपापलं बघावं’ असं अँड्रूजनं सांगितलं आणि वीस माणसं रानात पांगली. चिकामॉगा ओढ्यावरचे अकरा पूल, जे जाळायचे होते, पुढेच होते.

पांगणं हीसुद्धा चूकच. वीस जण एकत्र राहिले असते तर हत्यारं असलेली, शिस्तीची तुकडी म्हणून सुटकेचा प्रयत्न करता आला असता. एकेकटे, अनोळखी मुलखात, परक्या बोलीचे, ते सोपी शिकार झाले. दोन आठवड्यांच्या आत सगळे पकडले गेले, मॅरिएटाला झोपून राहिलेले दोघेसुद्धा.

दगडावर

सगळ्यांत आधी सापडले त्यांत पॅरट आणि त्याच पलटणीतला सॅम्युअल रॉबर्टसन होते. त्या क्षणी रानात बाकीचे अजून मोकळे होते. पकडणाऱ्यांना एका माणसाचं नाव हवं होतं: इंजिन कोणी चालवलं? कारण तोच कसबी माणूस. त्याच्याशिवाय ही चोरी झालीच नसती.

पॅरटनं पुढे वॉशिंग्टनला शपथेवर जो जबाब दिला त्यात हा प्रसंग आहे. एका अधिकाऱ्यानं चार सैनिकांसह त्याला बाजूला नेलं, कपडे उतरवले, एका दगडावर ओणवं केलं. दोघे पिस्तुलं घेऊन उभे राहिले. कातड्याच्या चाबकानं लेफ्टनंटनं स्वतः मारलं. तीनदा थांबून, उठवून विचारलं. तीनदा त्यानं नाही म्हटलं आणि तीनदा पुन्हा ओणवं केलं गेलं. फटके शंभराहून अधिक झाले. नाव निघालं नाही.

या नकाराचा उपयोग काय झाला, हे कोरडेपणानं तपासायला हवं. नाइट आणि ब्राउन शेवटी सापडलेच, म्हणजे पॅरटच्या मौनानं त्यांना पळायला वेळ मिळाला असं म्हणता येत नाही. पण इंजिन कोणी चालवलं हे पुढे बाकीच्या कैद्यांनीही सांगितलं नाही, आणि नाइट व ब्राउन दोघेही फाशीतून वाचले. पहिल्याच दिवशी, सगळ्यांत लहान वयाच्यांपैकी एकाच्या तोंडून नाव निघालं असतं तर बाकीच्यांच्या गप्प राहण्याला काही अर्थच उरला नसता.

तुरुंग, थोडक्यात

चॅटनूगाच्या तुरुंगात जमिनीखालची सुमारे 13 फूट चौरस कोठडी, वरून झडपेतून शिडी सोडून उतरायचं, गळ्याला साखळ्या. पाठ सोललेल्या माणसाला तिथे किती दिवस काढावे लागले, त्याचं वर्णन करायला नको. अँड्रूजला 7 जून 1862 ला अटलांटात फाशी झाली. नॉक्सव्हिलच्या लष्करी न्यायालयात सात जणांवर खटले चालले. मग उत्तरेच्या फौजेच्या हालचालींनी न्यायालयच उठलं. त्या सातही जणांना 18 जूनला अटलांटात फासावर चढवलं. दोन दोर तुटले, त्या दोघांना पुन्हा चढवावं लागलं. पॅरटबरोबर पकडला गेलेला रॉबर्टसन या सातांत होता. पॅरटची पाळी आलीच नाही. या दोघांच्या नशिबातला फरक कुठल्याही गुन्ह्याच्या तोलावर ठरला नव्हता. खटल्यांच्या क्रमानं ठरला होता.

16 ऑक्टोबरला उरलेल्या 14 जणांनी अटलांटाच्या तुरुंगातून बंड करून पळायचा प्रयत्न केला. आठ जण निसटले, त्यांत नाइट आणि ब्राउनही. त्या आठांपैकी अल्फ्रेड विल्सन आणि मार्क वुड हे दोघे चॅटाहूची नदीतून होडीनं थेट मेक्सिकोच्या आखातात, उत्तरेच्या जहाजांपर्यंत गेले. सहा राहिले, त्यांत पॅरट. त्यांना रिचमंडला नेलं आणि 17 मार्च 1863 ला सिटी पॉइंट इथे कैद्यांच्या अदलाबदलीत सोडलं.

पदकाचा कायदा आणि त्यातली फट

लष्करासाठी हे पदक 12 जुलै 1862 च्या ठरावानं आलं होतं. नौदलाचं त्याआधी, 21 डिसेंबर 1861 ला. लष्कराच्या ठरावात 2,000 पदकं करायची तरतूद होती, आणि ती फक्त शिपाई व बिनकमिशनच्या हुद्द्यांसाठी. 3 मार्च 1863 ला अधिकाऱ्यांनाही ती खुली झाली. निकष दोन होते: लढाईतलं शौर्य आणि ‘सैनिकाला शोभणारे इतर गुण’.

हे ‘इतर गुण’ पुढे डोकेदुखी ठरले. त्याच शब्दांच्या सैलपणातून मेन राज्याच्या 27व्या पलटणीला, मुदत संपल्यावर काही काळ जास्त थांबण्याच्या बदल्यात, एकगठ्ठा 864 पदकं वाटली गेली. 1917 मध्ये सगळी यादी तपासून 911 नावं खोडावी लागली. ती 864 त्यांतच. मग 1918 च्या कायद्यानं प्रत्यक्ष शत्रूशी झुंज आणि कर्तव्याच्या पलीकडे जाणं या अटी पक्क्या केल्या.

पण 1863 च्या मार्चमध्ये त्या सैल शब्दांची पॅरटच्या प्रकरणात गरज होती. इंजिन पळवताना गोळी चालली नव्हती. फटके खाल्ले तेव्हा तो कैदेत होता. काटेकोर अर्थानं ‘लढाई’ कुठेच नव्हती.

सहा जण वॉशिंग्टनला आले. सर्वोच्च लष्करी कायदाधिकारी जोसेफ होल्ट यांनी त्यांचे शपथेवर जबाब घेतले. 25 मार्चला युद्धमंत्री एडविन स्टँटन यांच्या दालनात सहाजण उभे होते: पॅरट, बेनसिंजर, बफम, मेसन, पिटेंजर, रेडिक. मेसन आणि पिटेंजर सार्जंट होते, रेडिक कॉर्पोरल. हुद्द्यानं गेलं असतं तर पॅरटचा नंबर मागे पडला असता. पहिलं पदक त्याला दिलं गेलं. त्याचं वय आणि त्यानं सोसलेला मार हेच त्यामागचं कारण मानलं जातं. उलटा पंचकोनी तारा, त्यात कलहाला परतवणारी मिनर्व्हा देवी आणि भोवती 34 तारे, वर गरुड, निळ्या पट्टीखाली लाल-पांढऱ्या पट्ट्यांची फीत. प्रत्येकाला 100 डॉलर रोख आणि अधिकारीपदाचा देकार. शिपायाचा महिन्याचा पगार तेव्हा 13 डॉलर होता. तिथून त्यांना राष्ट्राध्यक्ष लिंकन यांच्या भेटीला नेलं.

मानपत्राचा मजकूर सगळ्यांना एकच: जनरल मिचेल यांच्या आदेशानं शत्रूच्या मुलखात सुमारे 200 मैल आत शिरून, बिग शँटी इथे गाडी ताब्यात घेऊन, चॅटनूगा आणि अटलांटा यांमधले पूल व मार्ग उद्ध्वस्त करण्याचा प्रयत्न करणाऱ्यांपैकी एक. दगड नाही, चाबूक नाही, नकार नाही. ते सगळं होल्ट यांच्या कागदांत राहिलं.

इथे दोन घोटाळे वारंवार होतात, तेवढे निस्तरून टाकू. पॅरट हा पदक हाती पडलेला पहिला माणूस; पदकास पात्र ठरलेली पहिली कामगिरी त्याची नाही. सर्वांत आधीची कामगिरी फेब्रुवारी 1861 मधली, सहायक शल्यचिकित्सक बर्नार्ड अर्विन यांची. पण त्यांना पदक मिळालं 1894 ला. आणि सर्वांत लहान विजेताही पॅरट नव्हे. तो मान व्हर्माँटच्या 3ऱ्या पलटणीतल्या विली जॉन्स्टन या ढोलवाल्या पोराचा, जो कामगिरीच्या वेळी 11 वर्षांचा होता.

पॅरट पलटणीत परतला, लेफ्टनंट झाला, युद्धानंतर केंटनला स्थायिक झाला. 22 डिसेंबर 1908 ला तिथेच वारला. ग्रोव्ह स्मशानभूमीत त्याची कबर आहे. ‘जनरल’ इंजिन आज केनेसॉच्या संग्रहालयात, जिथून ते पळवलं तिथून हाकेच्या अंतरावर उभं आहे. ‘टेक्सस’ अटलांटात आहे.

बाकीच्यांची पदकं वर्षानुवर्षं येत राहिली. रॉबर्टसनला मरणोत्तर मिळालं. वाटेत दक्षिणेच्या फौजेत भरती व्हावं लागलेल्या जेम्स स्मिथलाही 1864 मध्ये मिळालं, म्हणजे बिग शँटी न पाहिलेल्या माणसालाही. अँड्रूज आणि कॅम्पबेल मुलकी, त्यामुळे कायद्यात बसले नाहीत. फाशी गेलेले फिलिप शॅड्राक आणि जॉर्ज विल्सन हे दोन शिपाई मात्र कसे कोण जाणे सुटून गेले होते; त्यांची पदकं 3 जुलै 2024 ला, 162 वर्षांनी, व्हाइट हाउसमध्ये वंशजांच्या हाती दिली गेली. निवडलेल्या 22 सैनिकांपैकी आता एकट्या सॅम्युअल लेवेलिनच्या नावावर पदक नाही. स्मिथबरोबर त्याच दिवशी, त्याच कारणानं, त्याच फौजेत नाव नोंदवलेला तो दुसरा.